कनकावतीनं ओ दिली नाही

धाराशिवच्या आमच्या गल्लीत कुणाकडं मुलगी झाली की आठवड्याच्या आत कुणीतरी माझ्या दारात उभं राहतं. मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळं माझ्या घरात नावांचं पोतं भरून ठेवलेलं आहे असा लोकांचा समज. "बाई, दोन अक्षरी सांगा. अर्थ चांगला पाहिजे. आणि गल्लीत दुसऱ्या कुणाचं नको." परवा एका आजोबांनी तर अर्थ कागदावर लिहून मागितला. बारशाच्या पत्रिकेत छापायचा होता म्हणे. मी विचारलं, पोरीचं वजन किती भरलं? ते त्यांना ठाऊक नव्हतं.

अशा माणसांना मी माझ्या आईची गोष्ट सांगायला घेते. बहुतेक जण अर्ध्यावर उठतात, कारण त्यांना नाव हवं असतं आणि गोष्टीत नावापेक्षा कटकट जास्त आहे. तुम्ही मात्र वाचायला बसलाच आहात.

माझ्या आईचं नाव दगडाबाई. अर्थासाठी कोश उघडायची गरज नाही.

ती तेरची. तिच्याआधी तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, चार मुलं झाली आणि चारही वर्ष पुरं व्हायच्या आत गेली. त्या चौघांची नावं चांगली होती, गावच्या जोश्यानं अक्षर काढून दिलेली. पाचवी ही. आजीचं नाव कमलबाई. पाचवीची पूजा झाल्यावर तिनं पोर सुपात घातली, नेऊन उकिरड्यावर ठेवली आणि मागं न बघता घरी आली. शेजारच्या कुंभारणीनं ठरल्याप्रमाणं सूप उचललं, "कुणाची गं ही टाकलेली पोर?" म्हणून गल्लीभर ओरडली, आणि कमलबाईनं पसाभर कोंडा देऊन स्वतःचीच पोर विकत घेतली. नाव ठेवलं दगडा. ज्यांनी चौघं नेली त्यांना वाटावं की या घरात पोर नाहीच, कोंड्याच्या भावाचा एक दगड पडलाय. आमच्या भागात अशा बायका गावोगाव सापडतील. दगडाबाई, केराबाई, भिकाबाई. ही नावं ऐकून शहरातली माणसं नाक मुरडतात. त्या नावांइतकी माया मला तरी दुसऱ्या कुठल्या नावात दिसलेली नाही.

दगडा वाचली. का वाचली हे मला विचारू नका. मी शिकलेली बाई आहे, मला उत्तर देता येईल, पण कमलबाईपुढं ते टिकणार नाही.

पंधराव्या वर्षी लग्न ठरलं तेव्हा कमलबाईला एकच धास्ती. सासरी नाव बदलतात. गाडीत बसवताना तिनं लेकीचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "ते नाव बदलतील. बदलू दे, आपल्याला आडवता येत न्हाय. पर त्या नावाला ओ देऊ नगंस. नेणारी अजून दारात हायत. त्येंना वाटतंय हितं नुसता दगड पडलाय. दुसऱ्या नावाला ओ दिलीस की त्येंना कळंल. घे शपथ."

दगडानं शपथ घेतली. तिला वाटलं, साधी गोष्ट आहे. ओच तर द्यायची नाही.

आता तिच्या सासऱ्यांकडं वळू. बब्रुवानराव हे माझे सख्खे आजोबा, तेव्हा जरा आदरानं लिहायला हवं. जमेल तेवढं लिहिते. वाशीच्या पलीकडं त्यांचं गाव, जमीन बरी, मोडी वाचता येत होती आणि निजामाच्या तहसिलीत अर्ज कसा लिहायचा तेही येत होतं. एवढ्या भांडवलावर ते गावचे विद्वान झाले होते. त्यांना नावं ठेवायचा नाद होता. विहिरीचं नाव अमृतकुंभ. पाणी इतकं मचूळ की डाळ शिजायची नाही. बैलजोडीचं नाव ऐरावत आणि उच्चैःश्रवा. गडी मात्र "ए ढवळ्या" म्हणायचा आणि बैल त्यालाच वळायचा. त्या घरात बैलाला अक्कल होती हे मी आधीच सांगून ठेवते.

सून घरात आली. माप ओलांडलं, तांदळाचं ताट पुढं आलं. नवऱ्यानं अंगठीनं तांदळात नवं नाव लिहायचं असतं. नवरा बलभीम, म्हणजे माझे वडील, उर्दू चौथी शिकलेले. सरकारी शाळेत तेव्हा उर्दूच असायचं. त्यांनी बापानं सांगितलेलं नाव ताटाच्या उजव्या बाजूनं लिहायला घेतलं. बायकांत कुजबूज झाली, की उलटं लिहिलं तर संसार उलटा होतो का. बब्रुवानरावांनी लेकाचं मनगट धरून ते पुसलं आणि स्वतः डावीकडून लिहिलं. मग मांडवातल्या लोकांकडं वळून अर्थ सांगितला.

"कनकावती! कनक म्हणजे सोनं. जिची कांती सोन्यासारखी ती कनकावती. पुराणात या नावाची राणी आहे. तेरहून दगड आणला होता, आम्ही त्याचं सोनं केलं."

लोकांनी माना डोलावल्या. कुठलं पुराण, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आई काळीसावळी, नांगराच्या बैलाला वेसण घालणारी. पदराआडून तिनं आपला हात बघितला आणि पुन्हा झाकला.

दुसऱ्या दिवशी घरात हुकूम सुटला. सुनेला कुणी पोरी म्हणायचं नाही, सूनबाई म्हणायचं नाही, अगं म्हणायचं नाही. कनकावती म्हणायचं, म्हणजे नाव अंगी लागेल. बब्रुवानराव स्वतः ओसरीवरून दिवसातून दहा वेळा हाक मारायचे. "कनकावतीऽ, पाणी आण."

पाणी यायचं नाही.

आई तिथंच चार हातांवर जोंधळे निवडत असायची. मान वर करायची नाही. पुन्हा हाक, आणखी मोठ्यानं. शेवटी सासू येऊन हातानं तांब्याची खूण करायची, की ही झटकन उठून पाणी आणायची. आठ दिवसांत घरानं ठरवलं आणि पंधरा दिवसांत गावानं. बब्रुवानरावांची सून बहिरी आहे. तेरच्या लोकांनी फसवलं.

नव्या सुनेनं आपण होऊन बोलायची रीत नव्हती, म्हणून तिनं काही सांगितलं नाही. आणि पुढं पुढं तिला त्यात गोडी वाटू लागली, हेही खरं. वाशीच्या एका वैद्यानं कानात घालायला लसणाचं कोमट तेल दिलं. ते रोज कुणीतरी मांडीवर डोकं घेऊन घालायचं. सासरी एवढं कौतुक कुठल्या सुनेचं झालं? शिवाय बहिऱ्या माणसापुढं लोक भिंतीपुढं बोलावं तसे बोलतात. नणंद गूळ कुठं लपवते, पटवारी कुणाच्या पाहुणचारानं कुणाचा बांध सरकवतो, सगळं तिला कळायचं.

सासूला मात्र महिन्याभरात शंका आली. सासू म्हणजे मथुराबाई, तोंडानं कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारी. एका दुपारी तिनं आईच्या पाठीमागं पितळी परात मुद्दाम खाली सोडली. आई दचकून उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मथुराबाईनं परात उचलली, पुसली, जागेवर ठेवली आणि कुणाला काही बोलली नाही. तिनं असं का केलं ते आईला तेव्हा कळलं नाही.

दुसरं ज्याला माहीत होतं तो माणूस म्हणजे माझे वडील. चारचौघांत नवरा बायकोशी बोलायचा नाहीच. पण मळ्यात खुरपताना ते हळूच "अगं" म्हणायचे आणि आई "काय जी" म्हणायची. "अगं" हे काही कुणाचं नाव नव्हे, त्याला ओ द्यायला शपथ आड येत नव्हती. तिनं त्यांना उकिरडा, कोंडा, शपथ, सगळं सांगितलं. "मामंजींना येवढं सांगा," म्हणाली. ते म्हणाले, "बघू."

बघू हा माझ्या वडिलांचा, दादांचा, आवडता शब्द. बापासमोर उभं राहिलं की त्यांची मान आपोआप खाली जायची आणि पायाचा अंगठा जमीन उकरायला लागायचा. दोन वर्षं ते बघतच होते.

कनकावतीची खरी ओळख आईला ओसरी सारवताना झाली. बब्रुवानरावांचा दोस्त धोंडप्पा, कापडाचा व्यापारी, पान खायला आला होता. दोघं मिळून बार्शीच्या बाजाराला जायचे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आमच्याकडं निजामाचं राज्य. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, येताना गाडी उलटीपालटी करून बघायचे. सून तीन हातांवर शेणकाला फिरवतेय हे बघून धोंडप्पा मोकळेपणी हसला.

"बब्रुवानराव, सुनंला हाक मारताना तुमाला थेटर आठवत आसंल न्हाय?"

"हळू बोल की."

"हळू कशाला? ती बहिरी हाय. खरं सांगतो, नाव मात्र झकास उचललंत. त्या कनकावतीचं पुढच्या बाजाराला नवं गाणं हाय म्हणं. पुढची जागा धरून ठिवायला सांगितलीय."

"दोन धर," बब्रुवानराव म्हणाले.

अशी ती पुराणातली राणी. बार्शीच्या थेटरात गाणारी आणि नाचणारी एक बाई, पोटासाठी कष्ट करणारी. तिचा काय दोष? नाक्यावर कापड अडवत, चहाची पुडी अडवत. नावाची झडती कोण घेणार? त्यामुळं कनकावती बिनजकातीची आत आली आणि माझ्या आईच्या डोक्यावर बसली. सासऱ्याला रोज घरबसल्या ती हाक मारायचं सुख हवं होतं. सून हे नुसतं निमित्त.

आईनं ओसरी सारवून पुरी केली. त्या दिवशी सारवण फार गुळगुळीत झालं होतं, असं ती सांगायची.

दोन वर्षं झाली, मूल नव्हतं आणि सून बहिरी. बब्रुवानरावांनी लेकाचं दुसरं लग्न काढलं. सास्तूरचे विश्वंभरराव मुलगी द्यायला तयार होते. त्यांचा निरोप धोंडप्पानं ओसरीवर, आईच्या देखत, मोठ्यानं सांगितला. "ते म्हणत्यात, पहिली बहिरी आसली तर लई बरं. आमची पोर तोंडाची फटकळ हाय. सवतीला ऐकू येत नसलं म्हंजे भांडणच न्हाय. पर पक्की बहिरी पायजे, ते सोता येऊन बघणार हायत." एखाद्यानं गाय घेताना दात मोजावेत तशी ही माणसं माझ्या आईचा बहिरेपणा तपासायला तीन दिवसांची गाडीवाट तुडवत येणार होती.

आता मात्र आई घाबरली. सवत आली की तिची जागा गोठ्याजवळ, हे तिनं गावात बघितलं होतं. एकदा ओ दिली की सगळं मिटणार होतं. एकच ओ. तिनं तेरला जाणाऱ्या कासाराबरोबर कमलबाईला निरोप पाठवला.

कमलबाई धावत आली. परड्यात जाऊन दोघी बोलल्या. "दे ओ," कमलबाई रडत म्हणाली. "शपत म्या घातली, म्याच सोडती. घर जायाची पाळी आली पोरी. दे ओ त्या नावाला. नेणारी मला नेत्याल, तुला कशाला नेत्याल?"

दोन वर्षं जिच्यासाठी तोंड मिटलं तीच मोकळं करत होती. आईनं कमलबाईचे डोळे पुसले. मग म्हणाली, "न्हाय. तू मला इकत घेतलीस ती दगडा म्हणून. शपथ तू सोडलीस, आता म्या धरली." सासऱ्याचं बार्शीचं प्रकरण तिनं आईला सांगितलं नाही. कमलबाईला ते सोसलं नसतं. व्याही म्हणून ती त्यांच्या पाया पडायची.

हे लिहिताना मला आईचा अभिमान वाटतो आणि रागही येतो. सतरा वर्षांच्या पोरीला एवढा ताठा कशाला हवा होता? पण ती वाकली असती तर मी आज कुणाची गोष्ट सांगितली असती?

विश्वंभरराव आले. चहापाणी झालं. अंगणात पाच-सहा म्हातारे, ओसरीवर पाहुणे, दाराआड बायका, त्यांत कमलबाई. आईला अंगणाच्या कडेला घागर घासायला बसवलं, पाठ पाहुण्यांकडं. बब्रुवानरावांनी घसा खाकरला.

"कनकावती!"

राखेचा हात घागरीवर फिरत राहिला.

"कनकावतीऽ!"

दाराआड कमलबाईनं पदर तोंडात कोंबला. बब्रुवानरावांनी तिसऱ्यांदा अशी हाक मारली की झाडावरचे कावळे उठले. आईनं घागर उलटी करून बूड घासायला घेतलं.

विश्वंभरराव खूष झाले, पण चोख माणूस. "नाव मोठं हाय पाव्हणं. अर्थ काय म्हणायचा?"

हे विचारायला नको होतं. बब्रुवानरावांनी पुन्हा पुराण काढलं. सोनं, कांती, राणी, तिचं शील, तिचं पातिव्रत्य. या खेपेला राणीला त्यांनी अग्निदिव्यसुद्धा करायला लावलं. धोंडप्पा पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर गेला तो लवकर आत येईना.

"बरं," विश्वंभरराव म्हणाले आणि माझ्या वडिलांकडं वळले. "जावईबापू, तुमचं ऐकून आमी उठतो. नवऱ्याला ठाव आसतं. हिला ऐकू येतं का?"

घागर घासणारा हात थांबला. आई सांगायची की त्या वेळी तिला बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. सासरा थेटरातला, ते तिला माहीत होतं. सवत आली असती तर तिनं बघून घेतलं असतं. तिला एवढंच ऐकायचं होतं की मळ्यात "अगं" म्हणणारा माणूस आता काय म्हणतो.

दादांचा अंगठा जमीन उकरत होता. त्यांनी बापाकडं बघितलं.

"न्हाय," ते म्हणाले.

आई उठली. हात धुतले. पदर नीट डोक्यावर घेतला आणि वळून ओसरीच्या पायरीपर्यंत आली. आवाज चढवला नाही.

"मामंजी, कनकावती हितनं कशी ओ देईल? ती बार्शीला ऱ्हाते. थेटरात. पुढच्या बाजाराला तिचं नवं गाणं हाय, धोंडप्पाकाकांनी तुमच्यासाठी पुढची जागा धरलीय. तितं जाऊन हाक मारा, देईल ती ओ. माझं नाव दगडाबाई. त्या नावानं दोन वर्षांत मला कुणी हाक मारली न्हाय, म्हणून म्या बोलले न्हाय."

मग अंगणातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाला ठसका लागला, तो हसण्याचाच होता, आणि बाकीचे माना खाली घालून मिशा पुसायला लागले. विश्वंभररावांनी धोतराचा सोगा सावरला. एवढं ऐकू येणाऱ्या बाईवर पोर द्यायची नाही, हे त्यांचं म्हणणं अजून बदललं नव्हतं. ते उन्हं उतरायच्या आत गाडी जुंपून गेले. जाताना आईकडं वळून म्हणाले, "आन् खोटं बोललेल्या जावयाचं?"

"त्येंचं म्या मागनं बघते," आई म्हणाली.

बब्रुवानरावांनी त्यानंतर कशालाही नाव ठेवलं नाही. बार्शीचा बाजारही सुटला; नाका ओलांडताना पहारेकरीसुद्धा विचारायला लागला म्हणे, की बब्रुवानराव, नवं गाणं ऐकलं का? बैल ढवळ्या झाला. विहीर मचूळच होती, ती आता उघडपणे मचूळ झाली.

त्याच संध्याकाळी चुलीपासून मथुराबाईनं हाक मारली. "दगडे, भाकरी थापायला ये गं." त्या घरातली ती पहिली हाक. "आले आत्याबाई!" असं आई एवढ्या मोठ्यानं ओरडली की आवाज परड्यापलीकडं गेला. भाकरी थापताना मथुराबाई खालच्या आवाजात म्हणाली, "मला बी मथुरा ह्येंच्या बापानं केलं. म्हायारी धोंडा व्हते म्या. माझ्या आईची तीन गेली व्हती. म्या पयल्या दिशीच ओ दिली." आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली की चुलीला ओलं लाकूड लागलंय. लाकडं वाळलेलीच होती.

दीड वर्षानं मी झाले. बारशाला आत्यानं माझ्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, ते आईनं ठरवलेलं. धोंडाबाई. आधीचं कुणी गेलं नव्हतं, उकिरड्यावर मला कुणी टाकलं नव्हतं. सासूचं वाया गेलेलं नाव आईनं कामाला लावलं, एवढंच. शाळेत रुजू झाले तेव्हा हेडमास्तरांनी सुचवलं होतं की दाखल्यावर काहीतरी सुटसुटीत करून घ्या. मी त्यांना अर्थ सांगितला, आणि तो डोक्यात घालायचीही तयारी दाखवली. मग विषय संपला.

आता दादांचं. आईनं त्यांना शिव्या दिल्या नाहीत की अबोला धरला नाही. सकाळी मळ्यात ते नेहमीसारखं "अगं" म्हणाले. तिला ऐकू आलं नाही. "अगं, ऐकलं का?" नाही. दुपारपर्यंत ते हाका मारत होते आणि ती खुरपत होती. शेवटी भुकेनं कळवळून त्यांनी चोरट्या आवाजात नाव घेतलं. "दगडा." तिनं मान अर्धी वळवली आणि पुन्हा फिरवली. "दगडाबाई," दादा म्हणाले. तेव्हा तिनं भाकरीचं फडकं सोडलं.

बायकोचं नाव घेणारा नवरा म्हणजे त्या काळी गावाला तमाशाच. पण दुसऱ्या कशालाही ती ओ देत नसे. मग बांधावरून, बाजारात, पाहुण्यांसमोर, बापासमोर सुद्धा माझे वडील पूर्ण नाव घ्यायचे, बाई लावून. रझाकारांच्या धामधुमीत गाव रानात पांगलं, माणसं श्वास धरून लपली, तेव्हाही त्यांनी जोंधळ्यात शिरून आधी "दगडाबाई" अशीच हाक घातली होती. नवी माणसं म्हणायची, काय प्रेम आहे नवराबायकोत! ती शिक्षा होती, जन्मठेपेची, आणि दादांनी ती एक दिवस न चुकवता भोगली. पुढं पुढं त्या हाकेत त्यांचा जीव गुंतला होता, असंही मला वाटतं. पण आईनं शिक्षा उठवल्याचं मी कधी ऐकलं नाही.

साठी उलटल्यावर आईचे कान खरोखर गेले. आधी डावा, मग उजवा. दादांना ते पटेचना. तिचं बहिरेपण त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आणि ते कशाचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ओसरीवर बसून ते हाका मारायचे, "दगडाबाई... दगडाबाई," आणि ती समोर बसून लसूण सोलत असायची. त्यांचा चेहरा उतरायचा. एका सुट्टीत मी गावी गेले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"धोंडे, तुझ्या आईला इचार. आता तर नाव घेतो की म्या. अजून राग हाय का?"

मी आईजवळ गेले, कानाला तोंड लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. तिला ते पोचलं. तिनं हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली आणि दादांकडं बघितलं. दादांचा अंगठा फरशी उकरत होता. ती बराच वेळ त्या अंगठ्याकडं बघत राहिली.

"सांग त्येंना," ती मला म्हणाली, "हिला ऐकू येत न्हाय."